शहाळं घेऊन येणाऱ्यांस

परभणीजवळच्या आमच्या पिंगळीत दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या पटांगणात गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, नारळ, हार आणि चार भाषणं. यंदा त्या रांगेत मलाही बसवलं, कारण आहारशास्त्रात एम.एस्सी. करून आणि वर सहा महिने एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात इंटर्नशिप करून मी गावी परत आले होते. शेवटचं भाषण माझ्या सख्ख्या मामांचं होतं. मामांनी तीस वर्षं मास्तरकी केली आहे. माईक हातात आला की ते सोडत नाहीत.

"आमच्या मायनं सात लेकरं वाढवली," मामा म्हणाले. "तिला कॅलरी म्हणजे काय ठाऊक होतं का? आमची भाची दोन वर्षं कॉलेजात गेली, सहा महिने दवाखान्यात उभी राहिली. कशासाठी? तर माणसानं काय खावं हे सांगायला! अहो, काय खावं हे पोटाला कळतंय की. अन् स्वयंपाक तर पोरींना येतोच. एवढं शिकायचंच होतं तर डॉक्टर व्हायचं!"

टाळ्या पडल्या. मीही हसले, गळ्यात हार असताना दुसरं काय करणार? नंतर चहाच्या वेळी बाकीच्यांनी आपापली भर घातली. एकाचं म्हणणं, हे सगळं आता मोबाइलवर तीन महिन्यांत शिकता येतं. दुसऱ्याचं, दवाखानेवाले पोरींना फुकट राबवून घेतात. तिसरे एक काका, फारसं न बोलणारे, कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "गरिबाला कसलं डाएट, बाई? जे असंल ते खायचं." मामांना भर सभेत उलट उत्तर द्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून लिहिते. काकांचा सवाल सगळ्यांत अवघड आहे. त्याच्याकडे सावकाश येते.

आधी माय. मामांची माय म्हणजे माझी आजी, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क मलाही आहे. तिच्या हातची अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, बाळंतिणीसाठी वळलेले अळिवाचे लाडू, यांतल्या कशालाच मी नावं ठेवणार नाही. उलट पहिल्या वर्षी अळिवातलं लोह आणि जवसातली स्निग्धाम्लं शिकताना मला पुस्तकात आजीच दिसायची. पण मामा, सात वाढवली हे खरं असलं तरी झाली होती नऊ. हा हिशेब तुम्ही माईकवर सांगितला नाहीत. त्यातली एक, तुमच्या पाठची, गोवर उठल्यावर हगवण लागून गेली. वाती वळता वळता आजीच मला सांगायची, "पोट बिघडलं म्हणून तीन दिवस काही दिलं नाही, पाणीसुदिक घोट घोट." तिनं हयगय केली नव्हती. पोट बिघडलं की लंघन, हे तिला तिच्या सासूकडून मिळालं होतं, आणि धडधाकट माणसाचं अजीर्ण त्यानं बरंही होतं. जुलाब होणाऱ्या दोन वर्षांच्या लेकराला मात्र मीठ-साखरेचं पाणी पाजत राहावं लागतं आणि अन्न चालू ठेवावं लागतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीची साथ आली आणि सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाचं पाणी पिंपांतून वाटलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. माणसं वाचली. तुमची बहीण त्याच्या कितीतरी आधी गेली होती. पाणी, मीठ, साखर या तिन्ही वस्तू आजीच्या चुलीपासून दोन हातांवर होत्या.

आजीला निरोगी घर चालवता येत होतं, आणि ते आजकाल आमच्यातल्या पुष्कळ डिग्रीवाल्यांना येत नाही, हेही कबूल करते. पण रुग्णालयात येणारा माणूस निरोगी घरातला उरलेला नसतो. त्याचं मूत्रपिंड, यकृत किंवा आतडं आपलं काम सोडून बसलेलं असतं, आणि मग जे चांगलं म्हणून ठाऊक आहे तेच त्याच्या जिवावर उठतं.

इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात मला मूत्रपिंडाच्या वॉर्डात पाठवलं. खिडकीजवळच्या खाटेवर आपल्याच बाजूचे एक गृहस्थ होते, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सकाळी मी फाइल घेऊन गेले तर त्यांचे मेहुणे उशाशी उभे, हातात शहाळं, त्यात स्ट्रॉ. एक आधीच रिकामं होऊन खाटेखाली पडलेलं. मेहुणे गावाहून रात्रभर प्रवास करून आले होते आणि येताना रुग्णालयाच्या दारातून जे सगळ्यांत पवित्र, सगळ्यांत हलकं, सगळ्या आजाऱ्यांना चालतं असं त्यांना वाटलं ते घेऊन आले होते. मी जवळजवळ हिसकावूनच घेणार होते. आमच्या सिनिअर आहारतज्ज्ञ बाईंनी माझा हात दाबला आणि त्या मेहुण्यांना म्हणाल्या, "दादा, तुम्ही प्या. रात्रभर जागलात." ते शहाळं असं गेलं.

मग बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला हिशेब करायला लावला. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम. एका शहाळ्यात तीनशे मिलिलिटर धरलं तर ७५०. या माणसाला दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून दोन हजारांच्या आसपास चालणार. म्हणजे न्याहारीच्या आधीच दिवसाच्या वाट्यातला तिसरा हिस्सा संपला, आणि तो बाहेर टाकायला मूत्रपिंड नाही. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान असायला हवं. त्या दिवशी त्यांचं सहाच्या वर होतं. ते वाढताना दुखत नाही, खुपत नाही. हृदयाचे ठोके बिघडतात तेव्हाच कळतं. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढायला लावला.

हे सगळं पुस्तकात आहे, मामा; तेवढ्यासाठी वॉर्डात जायची गरज नव्हती. जे पुस्तकात नव्हतं ते पुढे घडलं. बाई परत खाटेशी गेल्या, स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "तहान फार लागते का?" गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसाला एक लिटर पाण्याची मर्यादा होती, जिभेला कोरड पडायची, आणि शहाळं हे पाण्यात धरायचं नसतं असा त्यांचा समज होता. "जेवणात लोणचं असतं?" असतं. "पापड?" असतो. मिठानं तहान वाढत होती, तहानेनं शहाळं येत होतं. बाईंनी नारळाबद्दल चकार शब्द काढला नाही. लोणच्याची फोड बंद केली, चूळ भरायला सांगितली, लिंबाची फोड चोखायला दिली, आणि दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून उशाशी ठेवून दिलं, म्हणजे किती उरलं ते दिसेल. मी तेवीस पानांच्या नोट्स काढल्या होत्या त्या आजाराच्या. त्यांत तहान हा शब्द एकदाही नव्हता.

याच गृहस्थांच्या घरी, कपाटाच्या दारावर, दोन वर्षांपूर्वीचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं : डाळ बंद, अंडी बंद, दूध अर्धा कप. तो कागद तेव्हा बरोबर होता. मूत्रपिंड थकत चाललेलं असतं तेव्हा प्रथिनं आवरती घेतात. पन्नास किलोच्या माणसाला तीस-चाळीस ग्रॅम. पण डायलिसिस सुरू झालं की त्यातून प्रथिनं निघून जातात आणि त्याच माणसाला पन्नास ते साठ ग्रॅम लागतात. माणूस तोच, आजार तोच, सल्ला पार उलटा. कागद कुणी बदललाच नाही. डॉक्टरांनी मशीन लावलं, औषधं बदलली, आणि बायको इमानानं डाळ बंद ठेवत राहिली. त्यांच्या दंडाचं मांस इतकं उतरलं होतं की मोजपट्टी लावताना मला शरम वाटली.

"डॉक्टर सांगतातच की" म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. डॉक्टर सांगतात. बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना जेवढं सांगता येतं तेवढं सांगतात, म्हणजे "तेलकट-तुपकट टाळा, मीठ कमी करा". मीठ कमी करा म्हटल्यावर घरची माणसं दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणतात, जास्त पैसे मोजून. त्यात सोडियमच्या जागी काय असतं? पोटॅशियम क्लोराइड.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण मामांच्या "पोटाला कळतं" या वाक्यावर तो नेमका बसतो. क्षयाची एक पेशंट आली, वजन एकोणतीस किलो. कित्येक आठवडे तिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. तिची आई डब्यातून शिरा घेऊन आली, वर तूप तरंगत होतं. मुलीच्या पोटाला काय कळत होतं? भूक. आईला काय कळत होतं? लेकीला खाऊ घालायचं. आणि तो शिरा पोटभर खाल्ला असता तर ती दगावू शकली असती. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर पिष्टमय अन्न आलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन उतरतं आणि हृदय साथ सोडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छळछावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांना सैनिकांनी मायेनं आपलं रेशन दिलं आणि त्यातली कित्येक माणसं खाऊन मेली. डॉक्टरांना ही गोष्ट ठळकपणे कळली ती तेव्हा. म्हणून अशा रुग्णाला आधी थायमिन हे जीवनसत्त्व देतात आणि किलोमागे दहा कॅलरींपासून सुरुवात करतात. या मुलीला पहिल्या दिवशी जेमतेम तीनशे. रोज रक्त तपासायचं, रोज थोडं वाढवायचं. कुपोषित बालकांच्या केंद्रातही याच कारणानं आधी पातळ, कमी ताकदीचं दूध देतात, घट्ट नंतर.

तीनशे कॅलरी हा आकडा कागदावर लिहायला सोपा आहे. तो त्या आईला सांगणं हे माझं काम होतं. तिनं मला चार दिवस शत्रूसारखं पाहिलं. "पोरगी मागतीय अन् तुम्ही देत नाही," ती म्हणायची, आणि मी पळून जायची. पाचव्या दिवशी बाईंनी मला तिच्याशेजारी बसवून ठेवलं, उठू दिलं नाही. त्या दिवशी मी तिला शेतातलं उदाहरण दिलं. भेगाळलेल्या काळ्या रानात एकदम पाणी सोडलं तर काय होतं? "भेगंतून निघून जातं. हळू द्यावं लागतं," ती म्हणाली. आणि डबा स्वतःच झाकला. हे उदाहरण माझ्या एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नव्हतं, पिंगळीत होतं. पण ते तिथं सुचायला पाचव्या दिवशी खाटेजवळ बसून राहावं लागलं.

तीन महिन्यांच्या मोबाइल कोर्सबद्दल मी फार शाई घालवणार नाही. निरोगी माणसाचं वजन पाच किलो कमी करून देणं हा प्रामाणिक धंदा असू शकतो, करावा. फक्त ती पाटी घेऊन डायलिसिसच्या खाटेजवळ येऊ नये. इंडियन डायटेटिक असोसिएशन १९६३ पासून आहे; तिची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा द्यायची तर पदवीच्या जोडीला रुग्णालयातली इंटर्नशिप लागते. पण ती नोंदणी ऐच्छिक होती, त्यामुळे पाटी लावायला कुणालाच अडकाठी नव्हती. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानं आहारतज्ज्ञाला पहिल्यांदा कायद्याच्या यादीत जागा दिली. अमेरिकेत तर १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीची परीक्षा द्यायलाच पदव्युत्तर पदवी लागते, आणि देखरेखीखालचं किमान हजार तासांचं काम. जग शिक्षण वाढवत चाललं आहे आणि आपण ते फोनवर उरकायचं म्हणतोय.

"स्वयंपाक पोरींना येतोच" हे मामांचं वाक्य हसण्यावारी नेलं गेलं, पण दोन वर्षं मी ते वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं आहे. जो विषय बायकांच्या हातात असतो त्यात शास्त्र असू शकतं यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नकारच दिला; मग वर्षभर उमेदवारीच्या अटीवर घेतलं. तिथं त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. सहा वर्षांनी केंब्रिजची पीएच.डी. घेतली. डाळ आणि दूध, मामा. स्वयंपाकघरातल्याच वस्तू.

आता राबवून घेण्याबद्दल. इथं मी वाद घालणार नाही, कारण तक्रार खरी आहे. एमबीबीएसच्या इंटर्नला विद्यावेतन मिळतं. मला एक रुपया मिळाला नाही, उलट शिकण्याचं शुल्क मी भरलं. खोलीचं भाडं, मेसचा डबा, लोकलचा पास हे बाबांनी सोयाबीन विकून दिलं. पहिले पंधरा दिवस मला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नुसती ताटं मोजायला उभं केलं होतं : बिनमिठाची किती, मधुमेहाची किती, पातळ किती. कुणी काही शिकवत नव्हतं, मोजणारा माणूस रजेवर होता एवढंच. माझ्याबरोबरची एक मुलगी त्या पंधरवड्यातच सोडून गेली. तिच्या घरी परवडलं नाही, आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती.

पण यावर लोक जो उपाय सुचवतात तो मला मान्य नाही. इंटर्नशिपच काढून टाका, त्याऐवजी कॉलेजातच प्रकल्प करून घ्या, पोरी घरच्या घरी राहतील. म्हणजे विहिरीला कठडा नाही म्हणून पोहणंच पाटीवर शिकवायचं. विद्यावेतन मागा, राहण्याची सोय मागा, शिकवणारा माणूस नेमलेला आहे का ते तपासा. ज्या ठिकाणी नसेल तिथं मुली पाठवू नका. तेवढ्यासाठी मी कुठल्याही मोर्चात येईन. सहा महिन्यांतला एक दिवस मात्र कमी करू नका.

आणि ताटं मोजण्याचे ते पंधरा दिवसही पुरते वाया गेले असं म्हणवत नाही. तेराव्या दिवशी नाकातून नळी घातलेल्या एका आजोबांची नळी तुंबली. स्वयंपाकघरातून गेलेली नाचणीची पेज कुणी गाळली नव्हती. घट्ट झाली, गुठळी अडकली. परिचारिका माझ्यावर ओरडली, मी आचाऱ्यावर. आचारी शांतपणे म्हणाला, "ताई, चार्टवर दोनशे मिली नाचणी लिहिलंय. गाळून लिहिलंय का?" लिहिलं नव्हतं. चार्ट मीच उतरवून दिला होता. त्या दिवसापासून मी कागदावर पेज लिहिली की ती कशी गाळायची, किती गरम ठेवायची, डोकं किती उंच करून द्यायची आणि नंतर तीस मिली पाणी सोडून नळी धुवायची, हे सगळं लिहिते. आचाऱ्याला पगार होता आणि मला नव्हता, पण त्या दिवशी मास्तर तो होता.

आता काका. गरिबाला कसलं डाएट?

काका, तुमचा राग मला कळतो, कारण तुमच्या हातात आलेले कागद मी पाहिले आहेत. सकाळी ओट्स, अकराला पाच बदाम, दुपारी ऑलिव्ह तेलातली ब्रोकोली, संध्याकाळी ग्रीन टी. परभणीच्या बाजारात कुठल्या गाळ्यावर ब्रोकोली मिळते ते मला तरी ठाऊक नाही. असा कागद देणाऱ्याबद्दल तुमचं मत बरोबरच आहे. पण तो कागद देणारी व्यक्ती कोण असते? जिनं एकही खाट पाहिलेली नाही, किंवा पाहिली ती फक्त एसी खोलीतली.

मधुमेहाच्या वॉर्डात आपल्याच भागातल्या एक आजी होत्या. साखर तीनशेच्या वर, काही केल्या उतरेना. चार्टवर "एका वेळी एक भाकरी, एक वाटी वरण" असं लिहिलेलं. मी रीतसर विचारलं, "आजी, कालपासून काय काय खाल्लं? वरण किती वाट्या?" त्या म्हणाल्या, "वाटी कशाची? आम्ही भाकरीवरच वतून घेतो." इथंच माझा फॉर्म संपला. मग मी स्वयंपाकघरातून परातीत ज्वारीचं पीठ आणि खालून काटा मागवला. म्हटलं, एका भाकरीचं घ्या. आजींनी मूठ भरली, मग अर्धी अजून, मग चिमूटभर वर. काट्यावर पंच्याण्णव ग्रॅम. चार्ट लिहिणाऱ्याच्या मनातली "एक भाकरी" शहरातल्या फुलक्याएवढी, तीस-चाळीस ग्रॅमची होती. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं साधारण अडुसष्ट ग्रॅम. म्हणजे आजींच्या एका भाकरीत पासष्टच्या घरात. त्या घरी एका बैठकीला तीन खायच्या, कारण ज्वारी शुगरला चालते असं त्यांना सगळ्या गावानं सांगितलं होतं. ज्वारी चालते हे खोटं नाही. पण एका बैठकीला एकशे नव्वद ग्रॅम कर्बोदकं कुठल्याच धान्याची चालत नाहीत.

मग एकवर आणायचं का? त्या कापूस वेचायला जातात. एका भाकरीवर दिवसभर रानात उभं राहून त्या दुपारी चक्कर येऊन पडल्या असत्या, वर इन्सुलिन आहेच. त्यामुळे वेगळं ठरलं. एका वेळी दीड भाकरी, आणि मधल्या वेळी रानात अर्धी. वरण घट्ट करायचं आणि ओतून घेण्याऐवजी आधी प्यायचं. अंबाडी, मेथी, काकडी जे असेल ते भरपूर. एकादशीला साबुदाणा आणि रताळ्यावर दिवस काढायच्या आधी दवाखान्यात विचारायचं, कारण इन्सुलिनचा डोस उपास पाहत नाही. एकही जिन्नस विकत आणावा लागला नाही. काका, हे गरिबाचं डाएट आहे, आणि ते श्रीमंताच्या डाएटपेक्षा कितीतरी अवघड आहे. श्रीमंताला पदार्थ बदलून देता येतो. गरिबाच्या ताटातलं काहीच बदलता येत नाही. माप, वेळ आणि क्रम एवढंच हातात असतं. ते करायला परातीतलं पीठ बघावं लागतं.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. दख्खनच्या पठारावर नुसती ज्वारी खाऊन जगणाऱ्या गरिबांमध्ये पूर्वी पेलाग्रा दिसायचा; कातडी काळवंडून सोलायची, जुलाब, बुद्धिभ्रंश. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी लावला. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण ज्वारीबरोबर डाळ आणि भाजी हवीच, हे त्यातून पक्कं झालं. दुसरीकडे, आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं २०१८ मध्ये "परभणी शक्ती" हे ज्वारीचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. किलोला बेचाळीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह. बायकांची दिवसाची शिफारस एकोणतीस मिलिग्रॅम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. वाण तयार आहे, गरज मोजून झाली आहे. पण ते पीठ कुणाच्या परातीत, किती, कशाबरोबर, हे सांगणारं माणूस मधे लागतं. बियाणं आपोआप ताटात जात नाही.

म्हणून माझी मागणी मामांच्या भाषणाच्या बरोबर उलटी आहे. इंटर्नशिप कमी नको, जवळ आणा. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यात अन्न आणि पोषणाचा विभाग आहे. २०२३ मध्ये त्याच गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. एकीकडे पोषण शिकणाऱ्या मुली, दुसरीकडे खाटा. मधलं अंतर रिक्षाचं आहे. सहा महिन्यांपैकी चार तिथल्या वॉर्डात आणि दोन गावातल्या आरोग्य केंद्रात ठेवा, विद्यावेतन द्या, आणि शिकवायला अनुभवी आहारतज्ज्ञ नेमा. मग पिंगळीच्या पोरीला शहरात खोली घ्यावी लागणार नाही, ती सकाळच्या पॅसेंजरनं जाऊन संध्याकाळी परत येईल. आणि तिचा पेशंट "भाकरीवर वततो" म्हणाला की तिला ते पहिल्या झटक्यात कळेल. मला कळायला परात मागवावी लागली, कारण दोन वर्षं पुस्तकात राहून मी आपल्याच घरचं माप विसरले होते.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेले. मामा बाहेर गेले होते. मामीनं चहा टाकला, आणि कपाबरोबरच फडताळातून लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी तोंडात टाकली, वर चहाचा घोट.

"मामी, रोज अशीच घेता?"

"मंग? चहासंगं बरी जाते. तीन महिने झाले, रक्त काय वाढंना."

मी सांगितलं की चहामुळे गोळीतलं लोह अंगी लागत नाही. गोळी आधी घ्यायची आणि चहा तासाभरानं. वर्गात मी हे असंच लिहिलं होतं आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

"तासाभरानं?" मामी म्हणाली. "तवा मी म्हशीखाली असते. अन् चहा पिल्याबिगर मला म्हशीपशी जाता येत नाही."

मी वही बंद केली. विचारलं, रात्री जेवण किती वाजता. आठला. झोपायला? दहा वाजतात. मधे चहा? रात्री कोण करतं चहा. मग गोळी रात्री दहाला, पाण्याबरोबर, घरात लिंबू असेल तर पिळून. मळमळलं तरी ते झोपेत निघून जाईल.

मामी पट्टीकडे बघत बसली. "दहाला ध्यानात कोण ठेवील? मी आडवी पडले की मेले."

"मामा ठेवतील," मी म्हटलं. "त्यांना सांगायला आवडतं."

मामी एवढ्या जोरात हसली की दारात चपला काढत असलेले मामा विचारायला लागले, काय झालं.